वीज गेली, आता आधी कोणाला बंद करायचं?

२२ फेब्रुवारी २०२२ रोजी चंदीगडचे अनेक सेक्टर अंधारात होते. वादळ नव्हतं, ग्रिडही कोसळली नव्हती. शहराचा वीज विभाग खासगी कंपनीकडे देण्याच्या निर्णयाविरुद्ध विभागातल्या कर्मचाऱ्यांनी तीन दिवसांचा संप पुकारला होता. एकदा लाइन ट्रिप झाली की ती चढवायला माणूस नव्हता. काही भागांत वीज चोवीस तासांहून जास्त आलीच नाही. चौकांतले सिग्नल बंद पडले, नळाला पाणी येईना. सेक्टर १६ मधल्या सरकारी रुग्णालयाला ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. जनरेटर होते, पण अख्ख्या रुग्णालयाचा भार जनरेटरवर टाकता येत नाही, असं आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितलं. प्रशासनाने अत्यावश्यक सेवांतल्या संपावर बंदी घालणारा एस्मा कायदा लावला, लष्कराच्या मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसची मदत मागितली, पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि २३ तारखेला संप मिटला.

या घटनेवर त्या आठवड्यात खूप लिहिलं गेलं: खासगीकरण बरोबर की चूक, संपाचा हक्क कुठवर, प्रशासन गाफील होतं का. सर्व्हरच्या खोल्यांकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. बँकेची शाखा, निदान केंद्र, कॉलेज, सरकारी कार्यालय अशा प्रत्येक ठिकाणी आज कपाटाएवढ्या रॅकमध्ये दोन-तीन सर्व्हर असतात. त्या दोन-तीन पेट्यांच्या पोटात दहा-वीस व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक, चालत असतात आणि खाली बॅटऱ्यांची एक रांग असते. या बॅटऱ्यांकडून अपेक्षा असते ती मिनिटांची, तासांची नव्हे. ती मिनिटं कशासाठी वापरायची हे संगणकाच्या जगाला फार हळूहळू कळलं, आणि चंदीगडसारख्या शहरात ते कळण्याचा इतिहास विजेच्या इतिहासाशी घट्ट बांधलेला आहे.

फाळणीत लाहोर गेल्यावर पंजाबला राजधानी हवी होती, म्हणून हे शहर वसलं. ल कॉर्बुझिएने १९५१ मध्ये आराखडा हाती घेतला, आणि सेक्टर आखले जात होते त्याच वर्षांत शंभरेक किलोमीटरवर सतलजवर भाक्रा धरण उभं राहत होतं. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी नेहरूंनी ते राष्ट्राला अर्पण केलं. त्या धरणांचा कारभार पाहणाऱ्या भाक्रा बियास व्यवस्थापन मंडळाचं मुख्यालय आजही चंदीगडमध्येच आहे. शहराच्या हद्दीत मात्र मोठं वीजनिर्मिती केंद्र कधीच नव्हतं. १९६६ मध्ये पंजाबचं विभाजन होऊन चंदीगड केंद्रशासित प्रदेश झालं, पुढच्या वर्षी वीज वितरण पंजाबच्या मंडळाकडून शहर प्रशासनाच्या विभागाकडे आलं. म्हणजे वीज बाहेरून विकत घ्यायची आणि आपल्या तारांवरून वाटायची. अशा शहरात दिवे चालू राहतात की नाही, हे शेकडो किलोमीटर दूरच्या घडामोडींवर ठरतं.

तसं ते २०१२ मध्ये ठरलं. त्या वर्षी पाऊस लांबला होता, पंजाब-हरियाणात भाताच्या शेतांना पाणी द्यायला विहिरींवरचे पंप जोरात चालू होते. ३० जुलैच्या रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर ग्रिड कोसळली. सुरुवात झाली ती ४०० केव्हीच्या बीना-ग्वाल्हेर लाइनपासून. पश्चिम ग्रिडला उत्तर ग्रिडशी जोडणाऱ्या मार्गाचा ही लाइन भाग आहे. ती तुटल्यावर पश्चिमेकडची वीज दुसऱ्या वाटांनी उत्तरेकडे धावू लागली, त्या वाटाही एकामागून एक तुटल्या आणि दिल्ली, पंजाब, हरियाणा, चंदीगड, काश्मीर सगळं अंधारात गेलं. दुरुस्ती झाली, आणि ३१ जुलैला दुपारी एक वाजता पुन्हा तेच घडलं. या वेळी पूर्व आणि ईशान्य ग्रिडही सोबत गेल्या. साठ कोटींहून अधिक लोक राहतात त्या भागातली वीज एका दुपारी बंद झाली. रेल्वेगाड्या रुळांवर थांबल्या, बंगालमधल्या कोळसा खाणींत कामगार खाली अडकले. महाराष्ट्र ज्या पश्चिम ग्रिडवर आहे ती दोन्ही दिवस वाचली.

त्या दोन दिवसांत ग्रिड पुन्हा उभी करताना अभियंत्यांनी जे केलं ते या लेखाच्या विषयाच्या अगदी जवळचं आहे. औष्णिक केंद्र स्वतःच्या बळावर सुरू होत नाही. त्याचे पंप, पंखे, कोळशाच्या गिरण्या फिरवायलाच वीज लागते. जलविद्युत केंद्राला मात्र पाण्याचा दरवाजा उघडायला थोडीच वीज पुरते. म्हणून आधी धरणं जागी करायची, त्यांची वीज औष्णिक केंद्रांकडे न्यायची, मग रेल्वे, मेट्रो, रुग्णालयं आणि सगळ्यात शेवटी घरं. सगळ्यांना एकदम जोडलं तर ग्रिड पुन्हा पडते. तेव्हा जो क्रम ग्रिडला लागू होता, तोच सर्व्हरच्या खोलीलाही लागू आहे, फक्त तिथे तो दोन्ही दिशांनी लागतो: बंद करताना आणि सुरू करताना.

उत्तर भारताने विजेच्या लपंडावावर उत्तर शोधलं ते आधी घरात. नव्वदच्या दशकात ल्युमिनस आणि सु-कॅम यांसारख्या उत्तरेतल्या कंपन्यांचे इन्व्हर्टर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आले. दीडशे अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी, तिच्यात महिन्याकाठी ओतायचं डिस्टिल्ड वॉटर, ट्रॉलीवर ठेवलेला खोका. महाराष्ट्रात हा काळ थोडा नंतर आला. २००५ नंतर भारनियमनाने गावंच्या गावं दिवसाचे अनेक तास अंधारात गेली, आणि २००६ मध्ये पुण्यात उद्योगांनी गर्दीच्या वेळी स्वतःचे जनरेटर चालवून शहराला भारनियमनमुक्त ठेवण्याचा ‘पुणे मॉडेल’ प्रयोग झाला. घराघरांतल्या या इन्व्हर्टरने एक समज पक्का केला की बॅटरी म्हणजे दिवे गेल्यावरही काम चालू ठेवण्याचं साधन. पंखा आणि ट्यूबलाइटच्या बाबतीत हे खरंच आहे. बॅटरी संपली की पंखा थांबतो, वीज आली की फिरू लागतो, मध्ये काहीही बिघडत नाही.

संगणकाचं तसं नाही. डेटाबेस एखादी नोंद लिहीत असताना वीज गेली, तर ती नोंद अर्धी राहते. ऑपरेटिंग सिस्टिम वेगासाठी बरंच लिखाण आधी मेमरीत साठवते आणि नंतर डिस्कवर उतरवते. वीज गेली की मेमरीतलं सगळं पुसलं जातं. जर्नल ठेवणाऱ्या फाइल सिस्टिम आणि डेटाबेसचे लॉग यांमुळे आज नुकसान पूर्वीइतकं होत नाही. पण दहा मशीनच्या डिस्क फाइली एकाच साठवणुकीवर असतील आणि ती साठवणूकच लिहिता लिहिता मेली, तर दुरुस्तीला दिवस जातो, आणि हिशेब जुळतील याची खात्री तरीही नसते.

म्हणून सर्व्हरखालच्या बॅटऱ्यांच्या त्या रांगेचं, म्हणजे यूपीएसचं, काम इन्व्हर्टरहून वेगळं आहे. दुकानदार शटर ओढण्याआधी गल्ला मोजतो, वही मिटतो, माल आत घेतो. तेवढ्या आवराआवरीपुरता उजेड पुरवणं एवढंच यूपीएसने करायचं असतं. रात्रभर दुकान चालवणं हे जनरेटरचं काम.

हे काम करायला यूपीएसला आधी बोलता यायला हवं होतं. अमेरिकेत १९८१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन पॉवर कन्व्हर्जन, म्हणजे आपल्याकडे सगळे जिला एपीसी म्हणतात त्या कंपनीने, १९८४ मध्ये पहिला यूपीएस विकायला आणला. सुरुवातीचे यूपीएस वीज गेली की फक्त बीप करत. तो आवाज ऐकून कोणीतरी धावत जाऊन सर्व्हर बंद करायचा. रात्री दोन वाजता वीज गेली तर खोलीत कोणी नाही. मग यूपीएसच्या मागून सर्व्हरच्या सीरियल पोर्टला एक केबल आली. त्या केबलवरून दोनच गोष्टी कळत: वीज गेली, आणि बॅटरी संपत आली. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये या केबलसाठी कंट्रोल पॅनलमध्ये वेगळी सोय होती. मे १९९४ मध्ये यूपीएसने नेटवर्कवर आपली हकिगत कशी सांगावी याचं आरएफसी १६२८ हे मानक आलं. त्यानंतर किती व्होल्ट, किती भार, किती मिनिटं उरली, हे सगळं दुसऱ्या खोलीतून वाचता येऊ लागलं.

तरी एक अडचण होतीच. त्या काळातले बहुतेक पीसी स्वतःला बंद करू शकत नसत. विंडोज ९५ मध्ये शटडाउन केलं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत संदेश येई, आता संगणक बंद करायला हरकत नाही. बटण दाबायला माणूस लागायचा. एटीएक्स रचना आणि १९९६ मध्ये आलेलं एसीपीआय मानक यांनी ती गरज संपवली. पुढे हेच एसीपीआय व्हर्च्युअल मशीनलाही उपयोगी पडलं. आजही यजमान सर्व्हर, म्हणजे खरी पेटी, तिच्या पोटातल्या पाहुण्या व्हर्च्युअल मशीनला बंद करताना बहुधा तिच्या आभासी पॉवर बटणावरच बोट ठेवतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रसेल क्रोल या प्रोग्रामरने नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे नट, हा मुक्त प्रकल्प सुरू केला. त्याची रचना अजून तशीच आहे. एक मशीन यूपीएसला केबलने जोडलेलं, तेच मुख्य. बाकीची मशीन नेटवर्कवरून त्याचं ऐकतात. बॅटरी खालच्या पातळीला आली की मुख्य मशीन सगळ्यांना बंद होण्याचा हुकूम देतं, थोडं थांबतं आणि शेवटी स्वतः बंद होतं. एका केबलवर अनेक मशीन सांभाळण्याची ही युक्ती स्वयंसेवक आजही जपत आहेत, आणि लहान संस्थांना तिच्याइतकं स्वस्त आणि भरवशाचं दुसरं साधन सापडणं अवघड आहे.

व्हर्च्युअल मशीनची कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर केलं, पण ते मोठ्या मेनफ्रेमवर चालायचं. साध्या सर्व्हरवर ती नंतर उतरली: व्हीएमवेअर ही कंपनी १९९८ मध्ये निघाली, २००१ मध्ये तिचा ईएसएक्स सर्व्हर आला, २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात गेलं, २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही आणि प्रॉक्समॉक्स आले. चंदीगडच्या राजीव गांधी टेक्नॉलॉजी पार्कमध्ये इन्फोसिससारख्या कंपन्या याच दशकात आल्या, आणि नागरिकांना बिलं भरायला व दाखले काढायला ‘संपर्क’ केंद्रंही त्याच सुमारास उघडली. दहा पेट्यांचं काम दोन पेट्यांत मावू लागलं, विजेचं बिल आणि एसीचा भार कमी झाला.

यूपीएसचा प्रश्न मात्र अवघड झाला. पूर्वी एक केबल, एक सर्व्हर, एक ऑपरेटिंग सिस्टिम होती. आता वीज गेल्याची बातमी यजमानाला कळते, पाहुण्यांना काहीच कळत नाही. यजमान एकदम बंद झाला तर आतल्या दहाही मशीनच्या दृष्टीने तो वीज गेल्यासारखाच प्रकार. व्हीएमवेअरच्या जुन्या ईएसएक्समध्ये लिनक्सवर आधारलेलं सर्व्हिस कन्सोल होतं, यूपीएसचा प्रोग्राम तिथे बसवता येई. २०११ मध्ये आवृत्ती ५ पासून त्याचं फक्त ईएसएक्सआय हे कन्सोल नसलेलं रूप उरलं. मग यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्रामच एका व्हर्च्युअल मशीनमध्ये बसला. म्हणजे ज्याने सगळ्यांना बंद करायचं, तो स्वतः त्या बंद होणाऱ्यांपैकी एक. तो बंद झाल्यावर उरलेलं काम कोण करणार, हे आधी लिहून ठेवावं लागतं.

खरा कस क्रमात लागतो. वापरणाऱ्यांच्या समोर असलेली वेब आणि अॅप्लिकेशन मशीन आधी बंद करायची, म्हणजे नव्या नोंदी यायच्या थांबतात. मग डेटाबेस, त्याला हातातलं लिहून संपवायला पुरेसा वेळ देऊन. मग ज्यांच्याकडून सगळे ओळख पटवून घेतात ते डोमेन कंट्रोलर, आणि नावावरून पत्ता सांगणारं डीएनएस. मग यजमान. साठवणूक सर्वांत शेवटी, कारण तिच्यावर सगळ्यांच्या डिस्क आहेत. सुरू करताना हाच क्रम उलटा. डोमेन कंट्रोलरआधी अॅप्लिकेशन उठलं तर ते दारात अडकतं आणि सकाळी माणसं ‘सिस्टिम स्लो आहे’ म्हणत बसतात.

नेटवर्क स्विच यूपीएसवर नसेल, तर बंद होण्याचा हुकूम कोणापर्यंत पोचतच नाही. ही चूक लहान कार्यालयांत फार होते. सर्व्हरसाठी महागडा यूपीएस घेतला जातो आणि स्विचचा अॅडॅप्टर भिंतीवरच्या साध्या प्लगमध्ये असतो.

मुदतींचा हिशेबही दिसतो तितका सरळ नाही. प्रॉक्समॉक्स प्रत्येक पाहुण्या मशीनला बंद होण्यासाठी मुळात १८० सेकंद देतो. नटमध्ये मुख्य मशीन बाकीच्यांची वाट पाहतं ते मुळात १५ सेकंद. ज्या यजमानाच्या पोटात दहा मशीन आहेत त्याला पंधरा सेकंदांत काहीच जमत नाही. मुख्य मशीन स्वतः चपळाईने बंद होऊन यूपीएसला वीज तोडायला सांगून गेलं, तर शेजारच्या यजमानाची मशीन आवरता आवरता मरतात. हे आकडे मुद्दाम बदलावे लागतात आणि मुख्य मशीनला मुद्दाम सावकाश करावं लागतं. हायपर-व्ही मुळात पाहुण्या मशीनची मेमरी जशीच्या तशी डिस्कवर जतन करतो. मेमरी मोठी असेल तर त्यालाही वेळ लागतो, आणि बॅटरीच्या शेवटच्या मिनिटांत तो वेळ नसतो.

आणखी एक पेच अनुभवी माणसालाच सुचतो. सगळी मशीन बंद होत असतानाच वीज परत आली तर काय? यूपीएसने वीज तोडलीच नाही, तर सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नव्हती. मग तो आपोआप सुरू होत नाही, कोणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत तसाच पडून राहतो. म्हणून एकदा बंद करायला घेतलं की मध्येच वीज आली तरी यूपीएसने काही क्षण वीज तोडून पुन्हा द्यायची, आणि बायोसमध्ये वीज आल्यावर सुरू होण्याची सेटिंग चालू ठेवायची.

या सगळ्याला चंदीगडचा उन्हाळा जोडून पाहायला हवा. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. लेड-अॅसिड बॅटरी २५ अंशांना सुखी असते. त्याच्यावर दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. शिवाय भार दुप्पट केला की बॅटरीचा वेळ निम्म्याहूनही कमी उरतो. पहिल्या वर्षी २० मिनिटं देणारी बॅटरी तिसऱ्या उन्हाळ्यानंतर सहा मिनिटांत मान टाकू शकते, आणि यूपीएसच्या पडद्यावरचा अंदाज ते नेहमी सांगत नाही. एसी यूपीएसवर नसतो, त्यामुळे वीज जाताच खोली तापू लागते. जनरेटर चालू झाला आणि एसी त्याच्यावर नसला, तर सर्व्हर वीज असूनही उष्णतेने बंद पडतो.

मोठ्या संस्थांकडे याला काय उत्तर असतं, ते मुंबईत दिसलं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. संकटात शहराला ग्रिडपासून अलग काढणारी आयलंडिंग व्यवस्था १९८१ पासून मुंबईकडे आहे. त्या दिवशी ती मुंबईला वाचवू शकली नाही. लोकल थांबल्या, कोविडच्या काळातली रुग्णालयं जनरेटरवर गेली. तरीही मुंबई आणि राष्ट्रीय शेअर बाजारांचे व्यवहार चालू राहिले. अशा संस्था बॅटरी, जनरेटर, दुसऱ्या शहरातलं केंद्र आणि वेळोवेळी केलेला सराव यांवर पैसा खर्च करतात. दवाखाने, सहकारी पतसंस्था, शाळा यांच्याकडे तेवढा पैसा नसतो. त्यांच्यासाठी नीट बंद होणं हाच एकमेव बचाव आहे, आणि त्याला पैसा कमी, लक्ष जास्त लागतं.

२०२२ च्या संपाने चंदीगडला हेच शिकवायला हवं होतं. वीज दोन तासांत येईल या गृहीतावर बांधलेली प्रत्येक व्यवस्था त्या दिवशी उघडी पडली. वीज कधी येणार हे कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि डिझेल तासन्‌तास पुरत नाही. अशा वेळी बॅटरी निम्मी असतानाच बंद करायला सुरुवात करणारी संस्था शहाणी. शेवटच्या टक्क्याची वाट पाहणारी संस्था नशिबावर अवलंबून असते. पुढे खासगीकरण झालंच. ८७१ कोटी रुपयांची बोली लावणाऱ्या कोलकात्याच्या सीईएससी गटाने १ फेब्रुवारी २०२५ पासून चंदीगड पॉवर डिस्ट्रिब्युशन लिमिटेडच्या नावाने शहराचं वितरण हाती घेतलं. वीज कोणी वाटायची हा वाद राजकारणाचा आहे, तो चालत राहील. सर्व्हरच्या खोलीतला क्रम ठरवणं मात्र प्रत्येक संस्थेच्या स्वतःच्या हातात आहे.

तेव्हा ज्यांच्या कार्यालयात असा रॅक आहे, त्यांनी येत्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी एवढं करावं. आधी बॅकअप घ्यावा आणि तो उघडून पाहावा. सगळ्यांना कळवून यूपीएसला येणाऱ्या विजेचा मेन स्विच खरोखर बंद करावा आणि घड्याळ लावून बसावं. कोणतं मशीन कितव्या मिनिटाला बंद झालं, कोणतं अडकलं, बॅटरीने खरी किती मिनिटं दिली, वीज परत दिल्यावर कोण आपोआप उठलं आणि कोण नाही, हे कागदावर लिहून त्या दिवसाच्या तारखेसह रॅकच्या दारावर चिकटवावं. उन्हाळा संपला की ही चाचणी पुन्हा करावी.